चाकरी आणि छप्पर

वार्षिकांकासाठी लेख मागितला की आपल्यापैकी बहुतेक जण कविता देतात, काही जण सहलीचे वर्णन देतात, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते 'आजचा विद्यार्थी' या विषयावर लिहितात. भाडेकरार हा काही वार्षिकांकाचा विषय नव्हे, हे मलाही कळते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो जेवढा कायद्याचा आहे तेवढाच माणसामाणसांतल्या नात्याचा आहे असे मला वाटू लागले आहे. म्हणून हा प्रपंच.

त्याचे असे झाले. अमरावतीला मी शिकायला मामांकडे राहतो. मामांचे गांधी चौकाच्या पलीकडे कापडाचे लहानसे दुकान आहे. त्या दुकानात सहा वर्षांपासून काम करणारे एक भाऊ दर्यापूरच्या बाजूने रोज एस.टी.ने येतात नि जातात. पावसाळ्यात गाडी चुकली की दुकान अर्धा दिवस त्यांच्यावाचून चालते. मामांच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या भाऊंना भाड्याने द्याव्यात, म्हणजे त्यांचीही सोय नि आपलीही, असा विचार घरात झाला. विचार झाला, पण मामांचा हात काही पुढे येईना. एका संध्याकाळी मला म्हणाले, "बाबू, तू राज्यशास्त्र शिकून राह्यला न? मंग सांग, कागद कोनता करू? घर तं द्याचं हाय, पन घर गेलं नाही पाह्यजे."

मामांना वाटले, मी एका वाक्यात उत्तर देईन. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण या प्रश्नाची दुसरी बाजू मी अकोल्याला जगून आलो होतो.

माझे वडील अकोल्याला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. जिनाच्या आवारातच मागच्या बाजूला दोन खोल्यांचे क्वार्टर आम्हाला मिळालेले होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की रात्रपाळी सुरू होई, यंत्र अडले की बाबांना अर्ध्या रात्री हाक येई. फिटर जवळ पाहिजे म्हणूनच ते क्वार्टर होते. कागद कसलाही नव्हता. पगारपत्रकात 'घरभाडे' म्हणून दरमहा तीनशे रुपये कापलेले असत, एवढाच काय तो पुरावा.

मी आठवीत असताना तो जिन दुसऱ्याने विकत घेतला. नव्या मालकाने जुनी माणसे कमी केली, आणि ज्या दिवशी बाबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले त्याच दिवशी क्वार्टर आठ दिवसांत खाली करा असेही सांगितले. माझी वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मामांनी अमरावतीहून टेम्पो पाठवला. आईने तुळस कुंडीसकट उचलून मांडीवर घेतली. त्या आठ दिवसांचे मला फारसे दुःख आज वाटत नाही. घरे सुटतात, माणसे दुसरीकडे जातात. मला दुःख वाटते ते त्याआधीच्या दहा वर्षांचे. हंगामात ओव्हरटाइमचे पैसे कमी लावले गेले की बाबा घरी येऊन हिशेब मांडत. आई म्हणे, "जाऊ द्या. क्वार्टर सोडा म्हनतीन." बाबा हिशेबाचा कागद घडी करून ठेवून देत. जे आठ दिवसांत गेले ते छप्पर, त्याच्या आधी दहा वर्षे बाबांच्या तोंडावर हात ठेवून होते. चाकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असले की असे होते.

आता मामांची भीती. ती मला पूर्वी कद्रूपणाची वाटे. थोडे वाचल्यावर कळले की वऱ्हाडातल्या घरमालकाची ही भीती उगाच नाही, तिला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आपला प्रदेश पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. त्या प्रांताने १९४९ साली घरे भाड्याने देण्याविषयी व भाडे नियंत्रणाविषयी एक आदेश काढला. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याच्या बाबतीत येथे तोच आदेश चालू राहिला. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा होता, आणि आपल्याकडे हा. त्यातल्या तेराव्या कलमाप्रमाणे घर सोड अशी नुसती नोटीस द्यायची तरी घरमालकाला आधी भाडे नियंत्रकाची, म्हणजे रेंट कंट्रोलरची, लेखी परवानगी घ्यावी लागे. ती मिळाल्यावर मग दिवाणी न्यायालय. घर रिकामे झाले तर तसे कळवावे लागे, आणि ते एखाद्या सरकारी नोकराला देण्याचा हुकूमही होऊ शके. मुंबईकडची तऱ्हा आणखी निराळी. तेथे भाडेकरार नको म्हणून लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर जागा देऊ लागले, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेले लोक कायद्याने भाडेकरूच ठरले. भाडेकरूंना त्या काळात संरक्षणाची गरज होती यात शंका नाही. पण त्या पिढीतल्या घरमालकांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली, ती अशी की घर भाड्याने दिले म्हणजे गेले. म्हणून आपल्या शहरांत कितीतरी खोल्या कुलपात राहिल्या, आणि कितीतरी खोल्या 'कागद नको, माणूस ओळखीचा आहे' असे म्हणून दिल्या गेल्या. आमचे क्वार्टरही त्यातलेच.

परंतु तो काळ गेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वरचे तिन्ही जुने कायदे संपले. नव्या कायद्यात मामांसारख्या माणसापुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत. त्या मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिली वाट साध्या भाडेपट्ट्याची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्टा म्हणजे जागेतला काही हक्कच ठरावीक काळासाठी दुसऱ्याला देणे. असा भाडेकरू नोकर असो वा नसो, तो भाडेकरू म्हणून कायद्याच्या संरक्षणात येतो. नोकरी सुटली म्हणून त्याचे घर सुटत नाही. भाडे थकणे, मालकाला स्वतःला गरज असणे अशी कायद्यात सांगितलेली कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात.

दुसरी वाट 'लीव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे परवान्याची. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याच्या बावन्नाव्या कलमात तिची व्याख्या आहे. येथे जागेत हक्क मिळत नाही, वापरण्याची परवानगी मिळते. १९९९ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवू शकतो, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो.

तिसरी वाट खास नोकरासाठीच आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या बाविसाव्या कलमात 'सर्व्हिस टेनन्सी', म्हणजे सेवेपुरती भाडेकरी, सांगितली आहे. मालक आणि नोकर यांनी लेखी करार करून ती निर्माण करायची. नोकरी आहे तोवर घर. राजीनामा, निवृत्ती, कामावरून कमी करणे, मृत्यू, कोणत्याही कारणाने नोकरी संपली की घरही संपले. न सोडल्यास येथेही सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट निकालाची सोय आहे.

मामांनी हे ऐकले आणि टाळीच वाजवली. "बस्स! हेच पाह्यजे. नौकरी गेली, घर गेलं. साफ काम." कोणत्याही मालकाला असेच वाटेल. त्याच्या बाजूने पाहिले तर तिसरी वाट सर्वांत सोपी आहे. माझे मत मात्र नेमके येथेच वेगळे आहे.

कोणता कागद मालकाला घर लवकर परत देईल, एवढाच प्रश्न मामा विचारत होते. मी म्हणतो, त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. या माणसाला हे घर कामासाठी लागते आहे, की संसारासाठी? चौकीदाराला फाटकाजवळची खोली कामासाठी लागते. वसतिगृहाच्या रेक्टरांनी वसतिगृहातच राहायला हवे. हंगामात जिनाचा फिटर आवारात पाहिजे. अशा ठिकाणी काम संपल्यावर ती जागा पुढच्या माणसाला द्यावीच लागणार, नाही तर कामच अडेल. तेथे सेवेपुरता करार योग्य आहे आणि प्रामाणिकही आहे. पण कापड दुकानातल्या माणसाने मालकाच्या घरामागे राहिले काय आणि राजापेठेत राहिले काय, थान उलगडून दाखवण्यात काही फरक पडत नाही. तेथे नोकरी आणि घर यांची गाठ मारायचे कारण कामात नाही. कारण असेल तर एकच, नोकर मुठीत राहावा. हे कारण कोणी कागदावर लिहीत नाही, पण ज्याच्यावर तो कागद होतो त्याला ते बरोबर वाचता येते.

न्यायालयांनीही हा भेद निराळ्या संदर्भात पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून न्यायाधीश विचारत आले की नोकराने त्या घरात राहणे कामासाठी आवश्यक होते का. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले की कागदाच्या मथळ्यावर जाऊ नका, आतला व्यवहार पाहा. १९६७ साली डनलॉप कंपनीच्या खटल्यात कंपनीच्या सदनिकेत राहणारा अधिकारी भाडेकरू नव्हे, परवानाधारक आहे असा निर्णय झाला, कारण नोकरी संपताच जागा सोडण्याची अट होती आणि जागेचा ताबा कंपनीने आपल्याकडेच ठेवला होता. म्हणजे मथळा काही का असेना, अटी काय आहेत हे महत्त्वाचे.

येथे कोणी म्हणेल, एवढा कागदाचा घोळ कशाला? कागदच करू नये. विश्वास आहे ना? हा सल्ला सर्वांत घातक आहे असे माझे ठाम मत आहे. १९९९ च्या कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते की भाड्याचा असो की परवान्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे बिनकागदी व्यवहारात मालकाचे नुकसान आहे. पण नोकराचे त्याहून मोठे आहे. कायदा त्याच्या बाजूने असला तरी ते कलम घेऊन तो जाणार कोठे? ज्याच्या विरुद्ध जायचे त्याच्याच आवारात त्याची चूल पेटलेली असते. माझे वडील गेले नाहीत. कलम त्यांना माहीतही नव्हते.

आणि शहराबाहेर तर हे कलमही नाही. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, सगळ्या खेड्यांना लागू नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सालदार आहेत किंवा होते. पाडव्याला साल ठरते, आणि सालदार शेतातल्या खोलीत किंवा गोठ्याशेजारच्या छपरीत बायकामुलांसह राहतो. साल मोडले की छपरी मोडली. आपण याला रीत म्हणतो. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले की राखणदार, चौकीदार किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही. तेव्हा 'सालदार घर बळकावेल' या भीतीला कायद्यात फारसा आधार उरलेला नाही. सालदाराला मात्र साल मोडल्यावर रात्र कोठे काढायची याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. इंग्लंडमध्ये शेतमजुरांची हीच अवस्था होती. मालकाच्या झोपड्यांत ते राहत आणि काम गेले की रस्त्यावर येत. तेथे १९७६ साली शेतमजुरांच्या घरांसाठी वेगळा कायदा करून त्यांना संरक्षण दिले गेले. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होवो. पाडव्याला साल ठरवताना 'साल मोडले तरी दोन महिने खोली तुझी' एवढे एक वाक्य तलाठ्याला न विचारताही लिहिता येते.

हे सगळे मी मामांना एका बैठकीत सांगितले असे नाही. तीन-चार रात्री जेवणानंतर आमचा हा वाद चालला. माझी सूचना अशी होती. करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा करावा. भाडे अडीच हजार, ठेव पाच हजार. भाडे पगारातून कापू नये. पगार पूर्ण हातात द्यावा, भाडे वेगळे घ्यावे आणि त्याची पावती द्यावी, म्हणजे दोन व्यवहार दोनच राहतील. मुदतीआधी कोणालाही करार मोडायचा असेल तर तीन महिन्यांची नोटीस. मालकाच्या बाजूने फेब्रुवारी ते एप्रिल घर रिकामे करायला सांगायचे नाही, कारण मुलांच्या परीक्षा. आणि शेवटचे कलम असे: 'दुकानातील नोकरी संपली एवढ्याच कारणावरून हा करार संपणार नाही.' खर्चही फार नाही. अशा कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाडे व ठेवीवरचे धरलेले व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे आमच्या हिशेबात शंभर रुपयांच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. सेवेपुरती भाडेकरी केली असती तर भाडेपट्ट्याचे मुद्रांक शुल्क, आणि ते सहसा जड पडते.

शेवटच्या कलमावर मामा अडले. "म्हंजे तो उद्या माह्या समोरच्या दुकानात जाईन, अन् राहीन माह्याच घरात?"

मी म्हटले, "हो मामा. जास्तीत जास्त अकरा महिने राहतील. भाडे तर देतीलच."

"अन् मी रोज सकाळी त्याचं तोंड पाहू?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मामांची अडचण खोटी नव्हती. अंगण एक, नळ एक, आणि मन मोडलेली दोन माणसे. कायद्याच्या कोणत्याही कलमाने ते अंगण रुंद होत नाही. मी गप्प बसलो. तेव्हा इतका वेळ भांडी आवरत असलेल्या मामी आतूनच म्हणाल्या, "तुमच्या बहिनीले आठ दिवस भेटले होते. टेम्पो तुमीच पाठोला होता न?"

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी करार लिहायला सांगितला. ते कलम राहिले.

भाऊंनी करार सही करण्यापूर्वी स्वतः वाचला. शेवटच्या कलमावर त्यांचे बोट बराच वेळ थांबले होते. त्यांनी काही विचारले नाही. डिसेंबरमध्ये ते बायकामुलांसह राहायला आले. आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मामांकडे पगारवाढ मागितली.

मामा त्या रात्री मला म्हणाले, "पाय बाबू, तुह्या कागदानं मले महागातच टाकलं." मला मात्र बाबांचा तो घडी करून ठेवलेला हिशेब आठवला. चांगला करार कोणता, असे मला आता कोणी विचारले तर मी कलमे सांगत बसणार नाही. ज्या करारावर सही केल्यानंतर नोकराला मालकापुढे आपला हिशेब मांडता येतो, तो चांगला करार. मामांनी वाढ दिली. मागितली होती त्याच्या निम्मी दिली, पण दिली.